आईची नडगी

आमच्या लॅबमध्ये हाडाला घाई चालत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेलं अपेंडिक्स, पित्ताशय, मानेतली गाठ असं काही तपासायला आलं की दोन-तीन दिवसांत त्याची स्लाइड होऊन डॉक्टरांच्या टेबलावर जाते. हाड मात्र खिडकीपाशी बरणीत पडून राहतं. त्यात चुना असतो आणि चुन्यावर आमच्या काप काढायच्या यंत्राचं पातं चालत नाही, धारेला खाचा पडतात. म्हणून आधी सौम्य ॲसिडमध्ये ठेवून हाडातला चुना विरघळवून घ्यायचा. त्याला चार दिवस लागतात, आठ लागतात, कधी त्याहून जास्त. रोज सकाळी ॲसिड बदलायचं, हातमोजा घालून तुकडा हळूच वाकवून बघायचा. मला काम शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "शंका आली ना, की अजून एक दिवस ठेवायचं. हाड कुठे पळून जात नाही."

मला ते वाक्य आवडलं, कारण माझा स्वभावच तसा आहे. शाळेत उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. आधी दुसरं कुणी काय सांगतं ते ऐकायचे, मग मनात माझं उत्तर पुन्हा एकदा तपासायचे, तोवर बाई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या.

लॅब बेगडेवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी तिथेच एक खोली घेऊन राहते. घर लोहगडवाडीला. गडाच्या पायऱ्या सुरू होतात त्याच्या अलीकडे आमची टपरी आहे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, लिंबू सरबत, चहा. टपरी आईची. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, ते शेत बघतात आणि टपरीत आईला विचारून हात लावतात. मी पाच वर्षांची असताना मला लोणावळ्याला मावशीकडे ठेवलं, कारण तिथे इंग्रजी शाळा होती. मावशीच्या घरी मी शहरातलं मराठी बोलायला लागले आणि शाळेत इंग्रजी. सुट्टीत वर आले की आईच्या बोलण्यातले काही शब्द तोंडात यायचे आणि तिथेच अडकायचे. आई माझ्या फ्रॉकची खालची दुमड उसवून लांबी वाढवायची आणि दर वेळी म्हणायची, "हाडं वाढत्यात पोरीची, आन मी बघाया न्हाई."

ती वाढणारी हाडं मी पुढे शिकताना स्लाइडवर बघितली. लहान मुलाच्या हाडाच्या टोकापाशी कूर्चेचा, कानात असते तसल्या लवचिक भागाचा, एक पट्टा असतो. त्यात चपट्या पेशी एकीवर एक रचलेल्या असतात, भाकरीची चवड असावी तशा. चवड वरून वाढत जाते आणि तळाकडून तिचं हाड होत जातं. मूल उंच होतं ते असं. मोठं झालं की पट्टा मिटतो, तिथे फक्त एक बारीक रेघ उरते. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नव्हता. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "झालं का?" मी बाजूला झाले.

मोठ्या माणसाच्या हाडाची स्लाइड आम्हाला स्वतः करायला लावली होती, ॲसिड न वापरता. वाळलेल्या हाडाची चकती कापायची आणि ओल्या दगडावर बोटाने घासत राहायचं. दोन दुपारी घासून माझं बोट सोललं. चकती इतकी पातळ झाली की खालची छापील अक्षरं वाचता येऊ लागली, तेव्हा ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गोल गोल वलयं, शेजारी शेजारी, कापलेल्या ओंडक्यांची रास समोरून बघावी तशी. प्रत्येक वलयाच्या मध्यभागी एक भोक, त्यातून जिवंतपणी रक्तवाहिनी जाते. वलयांच्या मधे काळे ठिपके आणि ठिपक्यांना कोळ्यासारखे पाय. ठिपका म्हणजे पेशीचं घर. पाय म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे बोगदे. मी बघत होते त्या हाडात घरं रिकामी होती. ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

आईचा पाय मोडला तो गणपतीनंतरच्या आठवड्यात. टपरीच्या मागे भांडी घासायचा खडक आहे, त्यावर पावसाळाभर शेवाळ धरतं. आबांचा फोन आला. "आईनं पाय मोडून घेतलाय. तू घाबरू नको. पिठलं मी करतोय."

नडगीचं हाड मधोमध तिरकं तुटलं होतं. फारसं सरकलं नव्हतं, म्हणून लोणावळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन न करता मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. ते सहा आठवडे आई बाजेवर होती. बाज टपरीला लागून असलेल्या खोलीत, मधे कुडाची भिंत. ती तिथून लसूण सोलायची आणि भिंतीपलीकडे आबांना हुकूम सोडायची.

"जिरं करपलं! मला वास आला हितं!"

"तुला वास येतूय तर तूच ये की."

"पाय चांगला असता तर आलेच असते, तुज्या हातचं खायाची पाळी आली नसती लोकांवर."

गडावरून उतरणारी पोरंपोरी भाकरी मोडत विचारायची, काकू कुठे आहेत? आबा म्हणायचे, "काकू सुट्टीवर हाय." भिंतीमागून आवाज यायचा, "सुट्टी न्हाई, सजा हाय!"

मी शनिवारी संध्याकाळी वर जायचे आणि सोमवारी पहाटे गाडी पकडायला मळवली स्टेशनला उतरायचे. सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो तेव्हा मी सोबत होते. प्लास्टर कापून एक्स-रे फोटो काढला. आईला आतल्या खोलीत नवीन प्लास्टरसाठी झोपवलं होतं आणि डॉक्टर मला बाहेर दिव्याच्या पेटीवर फोटो दाखवत होते. मी कुठे काम करते हे त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर ते मराठीतून इंग्रजीत गेले, जसे सगळेच जातात. आता प्लास्टर गुडघ्याखालीच राहील, ते म्हणाले, वॉकर घेऊन पायावर वजन टाकायला सुरुवात करू दे. आधी थोडं, मग वाढवत न्यायचं. कागदावरही त्यांनी तेच, डॉक्टर लिहितात तसं, तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मी हो म्हटलं. इंग्रजीत मला हो म्हणणं सोपं जातं.

फोटोत तुटीची रेघ अजून स्पष्ट दिसत होती. तिच्या भोवती धुरासारखं काहीतरी पुसट. तो धूर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. हाड तुटलं की आधी तिथे रक्त साकळतं. मग त्या गाठीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चा तयार होते, आणि कूर्चेच्या जागी घाईघाईने घातलेलं कच्चं हाड येतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वलयं नसतात. तंतू कसेही पडलेले, खळ्यात विस्कटलेल्या पेंढ्यासारखे. मी ते अनेकदा पाहिलं होतं. आईच्या शरीराचं वजन त्या पेंढ्यावर पडणार हे माझ्या डोळ्यांपुढे आलं.

आईला वॉकर धरून बाहेर आणलं. "काय म्हनले गं?" तिने विचारलं.

"अजून पंधरा दिवस पाय टेकवायचा नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलतेय असं त्या क्षणी मला वाटलं नाही. मला वाटलं, मी अजून एक दिवस ठेवतेय.

कागद माझ्याच पर्समध्ये राहिला. तसाही तो इंग्रजीत होता.

पंधरा दिवसांनी मी अजून पंधरा दिवस सांगितले. आईने वाद घातला नाही. वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "माजी पोरगी दुर्बिनीतून हाडं बघती. तिला समदं ठाव." हे मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं आणि मी उगाचच भांडी लावायला लागायचे.

त्याच दिवसांत शेजारची काकी एक बाटली घेऊन आली. तिच्या माहेरी हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्याचं तेल. "प्लास्टर कापून टाका," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ जोर लावून चोळायचं. माज्या भावाचा हात म्हैन्यात सरळ झाला."

"नाही," मी म्हणाले. "प्लास्टर काढायचं नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. आत जुळत आलेलं सुटेल."

इतकी माणसं बसलेली असताना मी इतकं स्पष्ट बोलल्याचं मला आठवत नाही. काकी माझ्याकडे बघत राहिली. "लय शिकली गं ही," ती आईला म्हणाली.

"मंग! कशाला घातली व्हती तिला लोणावळ्याला?" आई म्हणाली.

चोळू नका म्हटलं ते बरोबरच होतं. पण त्या एका बरोबरमुळे माझ्या दुसऱ्या सांगण्यालाही वजन आलं, लोकांच्या नजरेत आणि माझ्याही. एका रविवारी आई बाजेच्या कडेला बसून पाय खाली सोडून होती. प्लास्टरची टाच जमिनीपासून चार बोटं वर.

"आगं, टेकवावासा वाटतुया," ती म्हणाली. "आतनं सळसळ व्हती बघ. कुनीतरी बोलावल्यावानी."

"आई, नाही म्हटलं ना."

तिने पाय उचलून परत बाजेवर घेतला. लगेच, दोन्ही हातांनी, माझ्याकडे न बघता. मला ते तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात पुन्हा लोणावळ्याला गेलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो पेटीवर शेजारी शेजारी लावले. आई खुर्चीत, पाय स्टुलावर. मी तिच्या मागे उभी. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकावरून दुसऱ्यावर नजर नेत होते. मलाही दिसत होतं. धूर होता तेवढाच होता. रेघ होती तशीच होती, उलट तिच्या आजूबाजूचं हाड जरा विरळ वाटत होतं, काम नसलेल्या हाडाचं होतं तसं.

"मावशी, हाड जुळायचं थांबल्यासारखं दिसतंय," डॉक्टर आईला म्हणाले. "एक महिना बघू. नाहीच पुढे गेलं तर ऑपरेशन करावं लागेल. आत सळई घालायची, कदाचित कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं."

"मंग गड?" आईने विचारलं.

"गड नंतर. आधी पाय."

"तसं न्हाई, टपरीपातुर तरी? घरापासनं टपरी, टपरीपासनं पान्याची टाकी. येवढंच."

डॉक्टर तिच्या दातांकडे बघत होते. "मिश्री लावता?"

आईने पदर तोंडाशी नेला. "सकाळी एकदाच लावते," ती म्हणाली. मग म्हणाली, "दोनदा."

"तंबाखू आहे ती. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, हाडाला रक्त पोचत नाही. बघा, तुमच्याच हातात होतं हे."

आईची मान खाली गेली. टपरीवर गर्दीच्या वेळी चार जणांना एकदम झापणारी माझी आई, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी बसली होती. "चुकलं माजं," ती म्हणाली. "बसल्या-बसल्या दुसरं काय करायचं म्हनून जास्त व्हायला लागली."

मिश्रीचं कारण खोटं नव्हतं. ते लॅबमध्येही चाललं असतं, कुणाही डॉक्टरांना पटलं असतं. वजनाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर धरून चालले होते की त्यांनी सांगितलेलं आम्ही केलं असणार. मी गप्प राहिले असते तर आईने मिश्री सोडली असती, मी हळूच म्हटलं असतं की आता पाय टेकव, आणि सगळं आपापल्या जागी बसलं असतं.

पण आईला वाटत राहिलं असतं की तिने स्वतःच स्वतःचा पाय घालवला.

"तिने वजन टाकलेलंच नाही," मी म्हणाले.

डॉक्टर वळले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, का? मी इंग्रजीत सांगू शकले असते. शब्दही तयार होते, त्यातून बरंच काही नीटनेटकं झालं असतं. पण मी मराठीतच बोलले, कारण हे आईलाही कळायला हवं होतं.

"तुम्ही मागच्या वेळी सांगितलं होतं, टेकवायला सुरू करा म्हणून. मी तिला सांगितलं नाही. मी सांगितलं की डॉक्टर नको म्हणालेत. तिला टेकवायचा होता. मी टेकवू दिला नाही."

खोलीत पंख्याचा आवाज होता. थंडीच्या दिवसांत तो का लावला होता कुणास ठाऊक. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण मी तिच्या मागे उभी असल्याने तिला ते नीट जमेना. मी पुढे येऊन उभी राहिले.

"तुम्ही तर यातल्याच आहात," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हाडाला वजन कशासाठी लागतं, माहितीये ना?"

माहीत होतं. परीक्षेत आलं होतं आणि मी दीड पान लिहिलं होतं. त्या कोळ्यासारख्या पेशी, त्यांच्या बोगद्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. पाय टेकवला की हाड अगदी केसाएवढं दबतं, द्रव एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि पेशीला ते समजतं. ती इतरांना निरोप धाडते की इथे भार येतोय, इथे बांधा. भार आलाच नाही तर निरोप जात नाही, आणि जिथे निरोप नाही तिथे हाड खाणाऱ्या पेशी आपलं काम करत राहतात. मी हे सगळं लिहिलं होतं, आकृतीसकट. पण रोज हाताला लागत होतं ते हाड बरणीतलं. त्याला आणखी एक दिवस ठेवल्याने काही बिघडत नाही, कारण त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघी मागे होतो. आईचा पाय आडवा सीटवर, मी कोपऱ्यात. भाजे गाव मागे पडलं.

"म्हंजी मिश्रीचा दोष न्हाई?" ती म्हणाली.

"आहे. थोडा."

"थोडा. आन तुजा?"

"जास्त."

तिने मान हलवली. चढाला जीप घरघरत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हनला ते सांगून मंग म्हनली असतीस, आई, मला भ्या वाटतंय, नगं टेकवू. तर मी टेकवला नसता. तुज्यासाठी न्हाई टेकवला असता. पर माज्या मनानं न्हाई टेकवला असता."

मी सीटवरच्या तिच्या पायाकडे बघितलं.

"पाय माजा हाये गं. बरनीतला न्हाई."

वळणावर तिचा पाय घसरू नये म्हणून मी धरला, आणि तिने धरू दिला. तेवढंच.

मी आठ दिवसांची रजा काढली. मॅडमना कारण सांगितलं, खरं. त्या म्हणाल्या, "ये आईचं करून, बरण्या मी बघते." डॉक्टरांनी सांगितलं होतं की वीस किलोपासून सुरू करायचं, दर आठवड्याला दहा वाढवायचे. पण पायाला वीस किलो म्हणजे किती ते कसं कळणार? त्यासाठी त्यांनीच तोड सांगितली होती, घरात ठेवायचा वजनकाटा आणायचा. मी लोणावळ्यातून आणला. काट्यावर मोडका पाय, शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय, हातात वॉकर. काटा वीसवर येईपर्यंत दाबायचं, आणि तो जोर पायाला पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं.

पहिल्या दिवशी आईने टाच ठेवली आणि काटा चारावर थरथरला. तिच्या कपाळावर घाम होता.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई. इसवास बसंना."

चार, सहा, नऊ. मग एकदम सव्वीस, आणि आम्ही दोघींनी श्वास रोखला. आबा दारात पीठ लागलेल्या हातांनी उभे होते. "जत्रंतल्या काट्यावानी भविष्य येतं का बघ त्याच्यातनं," ते म्हणाले.

"येतंय की. नवऱ्याला पिठलं जमायचं न्हाई, आसं आलंय."

तिसऱ्या दिवसापासून तिने काट्याकडे बघायचं सोडलं. ती बाहेर रस्त्याकडे बघत दाबायची आणि म्हणायची, "आता?" मी आकडा वाचायचे. वीस. एकोणीस. एकवीस. मला आश्चर्य वाटलं. तिला नाही. "डोक्यावर कळशी घेतली की कळतंच ना किती भरलीय ती," ती म्हणाली. "तसंच पायाला कळतंय."

त्या दिवसांत ती मला विचारायची, आत काय चाललं असंल? आणि मी सांगायचे. आधी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं की हे सगळं इंग्रजीत आहे. पण सांगायला लागल्यावर शब्द येत गेले. मी तिला सांगितलं की हाड बांधणाऱ्या पेशी एका ओळीत उभ्या असतात, भात लावणाऱ्या बायका असतात तशा, आणि काम करत मागे मागे सरकतात. त्यातली एखादी सरकत नाही. ती आपण घातलेल्या हाडातच राहून जाते, चारी बाजूंनी बांधली जाते, आणि मग तीच कोळ्यासारखे पाय पसरून भार किती आला याच्यावर लक्ष ठेवते. हाड खाणाऱ्या पेशीही असतात, तेही सांगितलं.

"मरत न्हाई आत?"

"नाही. वर्षानुवर्षं जगते."

"आन ते खानारे?"

"ते पुढे जाऊन जुनं हाड खातात, मागून या नवीन घालत येतात. मोडलं नाही तरीही. रोज, सगळ्या हाडांत."

"म्हंजी रोजचीच पाडापाडी आन बांधाबांधी. दम न्हाई त्यांन्ला."

"तुज्यावानीच," भिंतीपलीकडून आबा म्हणाले.

आईने मिश्रीचा डबा काकीला देऊन टाकला. पहिले पंधरा दिवस ती चिडचिडी झाली आणि बडीशेप चघळत राहिली. रजा संपल्यावर मी रोज फोन करायचे. ती आकडा सांगायची आणि फोन ठेवायची. तीस. चाळीस. एकदा मी विचारलं, "आज काही वेगळं वाटतंय का?" तर म्हणाली, "वाटलं तर सांगीन. तूबी सांगत जा." मी सांगितलं की मला भीती वाटतेय, ऑपरेशनची. ती म्हणाली, "मलाबी."

जानेवारीच्या मध्यात फोटो काढला. या वेळी डॉक्टरांनी आईची खुर्चीच पेटीजवळ ओढली. रेघ अजून होती, पण तिच्यावरून पांढरा जाड ढग गेला होता, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, तीन बाजूंनी. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. ऑपरेशन नको, ते म्हणाले. प्लास्टर काढू. दोन महिने काठी, ओझं नाही, उतारावर जपून. हा फुगवटा वर्ष-दोन वर्षांत हळूहळू झिजेल, आतली जुळणी सरळ होत जाईल. फुगवटा पूर्ण गेला नाही तरी बिघडत नाही.

"गड?" आईने विचारलं.

"टपरीपर्यंत आजपासून. गडाचं उन्हाळ्यात बघू."

"पायऱ्या चढून कुटं जायचंय मला, लोकं येत्यात की खाली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनखी काय इंग्रजीत बोलला का?"

"नाही. सगळं तुझ्यासमोर बोलले."

घरी आल्यावर ती बाजेवर बसली आणि लुगडं जरा वर घेतलं. चार महिने झाकलेला पाय बारीक झाला होता, कातडी कोंड्यासारखी सुटत होती. नडगीवरून तिने अंगठा खाली नेला आणि मधेच थांबली. "हितं हाय बघ. हात लाव."

मी जिवंत हाडाला असा हात कधी लावला नव्हता. कातडीखाली लगेच तो उंचवटा लागला, सुपारी निम्मी पुरावी तेवढा. मी जरा दाबलं. टणक होता. दुसरी बाजू चाचपली, तिथेही तसाच. लॅबमध्ये मी अशी जागा बघते तेव्हा ती गार असते, ॲसिडचा वास येतो आणि ती वाकते. ही वाकत नव्हती, आणि ऊब लागत होती, निवत आलेल्या तव्याजवळ हात नेल्यावर लागते तेवढी. मी बोट काढलं नाही.

"दुखतं का?"

"तू दाबलंस की दुखतंय."

टपरीत कुणीतरी हाक मारत होतं, सहा भाकऱ्या, दोन पिठलं. आबा कुठे दिसत नव्हते. आईने लुगडं खाली सोडलं, काठी मागितली आणि उभी राहिली. तिने आधी चांगला पाय टाकला, मग दुसरा. मी दोन पावलं मागे चालत होते, हात पुढे करून. दारात पोचल्यावर ती न वळता म्हणाली, "मागं-मागं नगं येऊ. पिठात पानी किती घातलंय ते बघ जाऊन, त्या मानसाचा भरवसा न्हाई."